सेल्फच्या मोटारीत तेल घालू नये

मी, चारुलता हिम्मतराव बिराजदार, वय सत्तावीस, अविवाहित, विद्यानगरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट घरातले सगळे ‘कशाला हे अभद्र’ म्हणून अडवतच होते. भीती वाटते का असे कोणी विचारलेच, तर वाटते. पण भ्यालेल्या माणसालाही आपल्या वस्तू कोणाला द्यायच्या हे नीट ठरवता येते, असे आमचे शेजारी एकनाथराव म्हणतात. ते कोर्टात पेशकार होते, त्यामुळे ते बरोबर असावे.

लिहिण्याचे कारण असे. लहानपणी मला सांधेताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप आखडली. ती आता फारच कमी उघडते. येत्या बुधवारी डॉक्टर मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेणार, तिच्या टोकाचा फुगा त्या झडपेत फुगवणार आणि काढून घेणार. मी त्या वेळी जागी असेन. “पडद्यावर मला दिसेल का?” असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, “लोक डोळे मिटून घेतात, अम्मा.” मी मिटणार नाही असे सांगितले, तेव्हा ते “बघू” म्हणाले. बहुतेक माणसे यातून नीट बाहेर येतात. सगळी येत नाहीत. म्हणून हे लिहिले.

१. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आठवीत असताना वहीच्या मागच्या पानावर एक केले होते. त्यात माझी कंपासपेटी युवराजला दिली होती. ते रद्द समजावे. पेटी त्याने तेव्हाच नेली.

२. चिक्कडपल्लीच्या घरातला माझा हिस्सा मी माझा धाकटा भाऊ युवराज यास देते. अट एकच. आमची आत्या, सावित्रीबाई, तिच्या हयातीपर्यंत या घरात राहील, आणि पुढची खोली, जिथे उजेड येतो, ती तिची असेल. आई गेल्यावर आत्या गावाकडून आम्हाला सांभाळायला आली ती इथलीच झाली. दुखण्यामुळे मला बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत घातले नव्हते. अक्षरे, पाढे, भूगोल, सगळे आत्याने अंथरुणाशेजारी बसून शिकवले. बाबांनी उर्दू शिकवले. मी विचारलेल्या कुठल्याही ‘का’ला आत्याने कधी ‘असंच असतं’ असे उत्तर दिलेले नाही. येत नसेल तर ती म्हणे, “मला ठाऊक नाही, बघू या.” युवराज अमीरपेटेत कॉम्प्युटर शिकतो आणि आज ना उद्या परदेशी जाईल. गेला तर घर विकताना ही अट त्याने विसरू नये.

३. बँकेत जे असेल ते आत्याचे. आईच्या बांगड्या युवराजच्या बायकोला, तो ज्या कोणाशी लग्न करील तिला. तिच्याविषयी माझे मत काय झाले असते, याचा कोणी विचार करत बसू नये.

४. बाबांचा पान्यांचा संच आमचे चुलते प्रतापराव यांनी बाबांच्या तेराव्याला “दोन दिवसांसाठी” म्हणून नेला. त्याच बैठकीत ते असेही म्हणाले होते की या पोरीचे लग्न व्हायचे नाही, हिला हिस्सा कशाला. संच अजून त्यांच्याकडे आहे. त्याची रिकामी पेटी माझ्याकडे आहे. ती पेटी मी प्रतापरावांना देते, म्हणजे त्यांचा संच पूर्ण होईल. पोचवताना कोणी काही बोलू नये. नुसती ठेवून यावी.

५. माझा मल्टीमीटर चौकातल्या बबलू मेकॅनिकला द्यावा. तो म्हणेल, “नक्को बीबी, मेरा कान मीटर है.” तरीही द्यावा. बबलूशी माझी पुष्कळ भांडणे झाली, ती कशावरून ते पुढे येईलच. पण गाडीचे बटण दाबल्यावर नुसते ‘टक्’ वाजणे आणि ‘घर्र’ होऊन थांबणे ही दोन निराळी दुखणी आहेत, हे त्यानेच मला शिकवले.

६. आता मोटारसायकल. ही १९६२ सालची, जपानी बनावटीची. विद्यापीठात शिकवायला आलेले एक परदेशी प्राध्यापक जाताना ती बाबांना विकून गेले. तिला सेल्फ आहे. उजव्या मुठीजवळचे बटण दाबले की इंजिनाच्या पुढे बसवलेली एक नळकांड्याएवढी मोटार फिरते, ती साखळीने इंजिन फिरवते आणि गाडी सुरू होते. आज नव्या गाड्यांच्या दुकानात जो तो सेल्फ मागतो. पण त्या काळी चिक्कडपल्लीत लोक बाबांच्या मागे उभे राहून “हिम्मतरावसाब, एक बार और दबाव” म्हणत, आणि बाबाही दाबत. माझ्यासाठी ती शोभा नाही. मला किक मारण्याची मनाई आहे. सेल्फ चालला तर गाडी माझी आहे, नाही तर ती अंगणातले लोखंड आहे.

ही गाडी मी युवराजला देते. त्याने सेल्फ काढू नये. बंजारा हिल्सवरच्या एका गृहस्थांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. युवराजने त्यांना घरी आणले होते. त्यांनी मोटारीवर कोरलेला नंबर रुमालाने पुसून वाचला आणि गाडीपेक्षा त्या मोटारीकडेच जास्त वेळ पाहिले. ते गेल्यावर युवराज म्हणाला, “अक्का, ओरिजिनल मोटार त्यांना देऊ. आता बाहेरचा माल सगळा येतोय, नव्या स्कूटरची मोटार पट्टी ठोकून बसवू. तुला काय, फिरल्याशी मतलब.” मी म्हटले, “मला ती का बिघडते हे आधी कळू दे. नवी घातली आणि तीही तशीच बिघडली तर?” तो म्हणाला, “तुला गाडी नको, कोडं पाहिजे.” हे खोटे नाही. तरी सेल्फ काढू नये, विकू नये, आणि गाडी किकवर चालते म्हणून सेल्फकडे दुर्लक्ष करू नये.

७. हे कलम आत्यासमोर मोठ्याने वाचू नये. युवराजने एकट्याने वाचावे. त्याला मराठी भरभर वाचता येत नाही म्हणून मी अक्षर मोठे काढले आहे.

सेल्फचे दुखणे विचित्र होते. बाबा गेल्यानंतर गाडी माझ्याकडे आली, तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या पुढेमागे मोटार फिरायची बंद होई. बटण दाबावे, ‘टक्’ वाजावे, बस. मग थंडीभर बबलूकडे खेपा. कधी तो बॅटरी बदली, कधी वायर, एकदा म्हणाला, “मोटार जल गई बीबी. नवी डालो, नक्को तो बस में जाव.” आणि मार्च आला, ऊन तापले, की मोटार आपोआप फिरायला लागे. शेवटी ज्याने हात लावलेला असेल त्याला श्रेय मिळे. जळलेली मोटार उन्हाळ्यात बरी कशी होते, असे मी बबलूला विचारले. तो म्हणाला, “मशीन का भी मिज़ाज रहता.” हे उत्तर आत्याने माझ्याकडून कधीच घेतले नसते.

गेल्या वर्षी, दसऱ्यानंतर काही दिवसांनी, शाळा सुटल्यावर फाटकाशी मी बटण दाबले आणि तेच झाले. मुले बघत होती. मी किक मारली. एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि खाली पडले. माझी मैत्रीण भाग्यलक्ष्मी, जी त्याच शाळेत गणित शिकवते, तिने मला ऑटोत घालून दवाखान्यात नेले. तिथे कळले की झडप आणखी आखडली आहे. किकने झडप आखडली नाही, किकने ते फक्त उघडकीला आणले, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण आत्याने तिचा दोषी तेव्हाच ठरवला. वर्षभर ती गाडीजवळून जाताना म्हणते, “या मोटारीनं माझी पोर पाडली. हिचं वाटोळं होवो.”

दवाखान्यातून आल्यावर रजा होती. वर्तमानपत्र अंथरून मी मोटार खोलली. आत दोन कार्बन, म्हणजे कोळशाचे छोटे तुकडे, असतात, स्प्रिंगने दाबलेले. ते तांब्याच्या पट्ट्यांवर घासत राहतात आणि त्यातून प्रवाह जातो. दोन्ही आपापल्या घरात चिकटून बसले होते. सगळीकडे काळी, चिकट लुकण. कार्बनची भुकटी असणारच, पण ती कोरडी असायला हवी. मी बोटाला लावून वास घेतला. इंजिन तेलाचा वास नव्हता. देवघरातल्या समईचा होता. तिळाचे तेल.

मोटारीच्या वर एक पत्र्याची पट्टी असते, तिचा स्क्रू बाबांच्या काळापासूनच नव्हता. पट्टी सरकून एक फट उघडी राहिली होती. आमच्या गावाकडे विहिरीवर ऑइल इंजिन होते. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे, आणि मग त्याच्या तेलाच्या भोकात पळीभर तेल सोडायचे, ही आमच्या घरची पूजा. भोक नसलेले यंत्र आत्याने लहानपणी पाहिलेच नव्हते. तिने या गाडीलाही भोक शोधले, आणि दर खंडेनवमीला मनोभावे तिथे तेल घातले. थंडीत ते तेल भुकटीशी मिळून घट्ट होई, कार्बन चिकटून बसत. उन्हाळ्यात सैल होई, कार्बन सुटत. माझे कोडे सुटले. असा आनंद मला क्वचित झाला असेल, आणि तो मी कोणालाच सांगू शकले नाही.

मी कार्बनची घरे पेट्रोलने धुतली, पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने घासल्या, राणीगंजहून मोटारकारच्या सेल्फचे कार्बन आणून मापात घासून बसवले. बेगम बाजारातून स्क्रू आणून पट्टी घट्ट केली. यंदाच्या खंडेनवमीला मी खिडकीतून पाहत होते. आत्याने पळी ओतली. तेल बंद पट्टीवरून ओघळून खाली फरशीवर आले. आत्या गाडीला म्हणाली, “यंदा पोट भरलेलं दिसतं.” मोटार अजून फिरते आहे.

तेव्हा, युवराज, सेल्फच्या मोटारीत कोणी, कोणत्याही कारणाने, तेल घालू नये. आणि हे का, ते आत्याला कधीही कळू देऊ नये. ज्या मोटारीला ती शिव्या देते ती तिनेच बंद पाडली होती, हे कळले तर ती ते सगळे ओझे स्वतःवर घेईल. मी नसेन तर तिची समजूत काढायलाही कोणी नसेल. हे मी भावनेच्या भरात नव्हे, शांतपणे सांगते आहे.

८. माझे डोळे दान करावेत. शस्त्रक्रियेत माझे काही झाले, तर नेमके काय झाले हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. नळी कुठपर्यंत गेली होती, फुगा फुगला होता का, झडप किती उघडली, सगळे. ‘देवाची इच्छा’ हे उत्तर घेऊ नये. मला ते कळणार नाही हे मला समजते. तरी कोणाला तरी कळावे.

येथे काल लिहिणे संपले होते. पुढचे आज, रविवारी, जोडले आहे. एकनाथरावांचे म्हणणे, मृत्युपत्र म्हणजे रोजनिशी नव्हे. पण जे बदलले ते का बदलले हे न लिहिता नुसते बदलणे मला जमत नाही.

आज सकाळी साक्षीदार म्हणून एकनाथराव आणि भाग्यलक्ष्मी आले. आत्या आणि युवराजही तिथेच होते. मी कागद पुढे केले. एकनाथराव म्हणाले, “न वाचताही साक्षीदाराला सही करता येते. पण न वाचता केलेल्या सह्यांचं काय होतं ते मी जन्मभर पाहिलंय. मोठ्यानं वाच.” त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले, हिरवी पट्टी होती. मी वाचायला लागले. दुसऱ्या कलमातच मला धाप लागली.

“पोरीला दम पुरत नाही,” एकनाथराव म्हणाले. “सावित्रीबाई, तुम्ही वाचा. तुमचे उच्चार स्वच्छ आहेत.”

“भाग्यलक्ष्मी वाचेल,” मी घाईने म्हटले.

“मी तेलुगु मीडियम गं,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “मराठी एक एक अक्षर जोडत बसले तर बुधवार उजाडेल.”

युवराजने आधीच दोन्ही हात वर केले होते. मी सातव्या कलमाची पाने हळूच खाली सरकवायला गेले. एकनाथरावांचा उघडा डोळा माझ्यावरच होता. “मधली पानं काढायची नाहीत हं. नंबर चुकला की कागद रद्दी.”

आत्याने चष्मा लावला आणि वाचायला लागली. प्रतापरावांच्या पेटीला ती हसली. सहाव्या कलमात बाबांचे बटण आले ते वाक्य तिने दोनदा वाचले. मग तिने पान उलटले आणि त्याच स्वच्छ आवाजात वाचले, “हे कलम आत्यासमोर मोठ्याने वाचू नये.”

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुढचे वाक्य वाचले. मग त्याच्या पुढचे. समईपाशी तिचा आवाज खाली गेला, पण ती थांबली नाही. ‘यंदा पोट भरलेलं दिसतं’ हे तिने स्वतःचेच वाक्य कोणा तिसऱ्याचे असावे तसे वाचले. कलम संपवून कागद मांडीवर ठेवले.

“पुढे?” एकनाथराव हळूच म्हणाले.

“पुढे आठवं आहे. ते नंतर.” आत्या माझ्याकडे वळली. “तेल तर मी ऑइल इंजिनातही घालत होते. ते कसं बिघडलं नाही?”

“तिथे दोन लोखंडं एकमेकांवर घासतात, आत्या. त्यांना तेल हवंच. इथे कार्बन तांब्यावर टेकलेला असावा लागतो. मध्ये लुकण आली की प्रवाह जात नाही, आणि कार्बन चिकटला तर टेकतच नाही.”

“म्हणजे घासणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेल चालत नाही.”

“नाही.”

“हे मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. युवराज कुजबुजला, “अक्का, जा ना आत.” मी उठले नाही. मला तिच्या समोर जायची हिंमत होईना. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. चहात साखर नव्हती. सगळ्यांनी तो निमूट प्यायला.

मग तिने मला विचारले, “किक कोणी मारली?”

“मी.”

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“मारायची नाही.”

“मी तिथे होते?”

“नाही.”

“मग नीट ऐक. तेल माझं. लाथ तुझी. झडप सांधेतापाची. माझ्या वाट्याचं मी घेते, सगळं घेते. रात्री झोप नाही लागायची, तर नको लागू दे. पण दुसऱ्यांच्या वाट्याचं मी घेणार नाही. एकनाथराव, कायद्यात हे बसतं का?”

एकनाथराव हनुवटी खाजवत म्हणाले, “आपला हिस्सा घेऊन दुसऱ्याचा नाकारणं... बसतं. चांगलं बसतं.”

“आणि हे गाडीचं झालं,” आत्या म्हणाली. “वर्षभर मी त्या मोटारीला शिव्या देत होते आणि तू ऐकत होतीस. ‘आत्या, असं नाहीये’ एवढंसुद्धा म्हणाली नाहीस. तुला अंथरुणात बसवून मी हेच शिकवलं? कारण सापडलं की उशीखाली ठेवायचं? मला तू इतकी कच्ची समजलीस, चारू?”

भाग्यलक्ष्मीने माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्याने तो पाहिला आणि तिचा राग निम्मा उतरला. तिने कागद पुन्हा हातात घेतले.

“हे सहावं कलम. गाडी युवराजला आणि खाली दहा अटी. इतक्या अटी घालतेस, म्हणजे तुझाच भरवसा नाही. मला दे.”

“आत्या, तुला चालवता येत नाही,” युवराज म्हणाला.

“तुला मराठी वाचता येत नाही, तरी तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहिलंच ना तिनं?”

“साडी चाकात जाईल.”

“भाग्यलक्ष्मी, तुझा एखादा सलवार कमीज देशील?”

“देते की. पण आधी सायकलवर तोल साधायला शिका, आंटी.”

“गावाकडे मी भावाची सायकल चालवायची. तिला सेल्फ नव्हता, एवढंच.”

युवराज हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “आत्या, खरंच घे. मी नेली असती तर विकलीच असती.” त्याने हे सगळ्यांसमोर कबूल केले, हे मला बरे वाटले.

यावरून पुढील बदल करीत आहे. ते लिहून होईपर्यंत दोन्ही साक्षीदार थांबले आहेत.

९. सहावे कलम रद्द. मोटारसायकल, तिची मूळ सेल्फ मोटार, जादाचे कार्बन आणि खोलायची हत्यारे मी आत्याला, सावित्रीबाईंना देते. कोणतीही अट नाही.

१०. सातव्या कलमातले ‘हे कलम आत्यासमोर मोठ्याने वाचू नये’ आणि ‘आत्याला कधीही कळू देऊ नये’ ही दोन्ही वाक्ये रद्द. बाकीचे कलम तसेच ठेवावे, असे आत्यानेच सांगितले. कोणत्या यंत्राला तेल लागते आणि कोणत्याला नाही, हे पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, असे तिचे म्हणणे. खंडेनवमीची पूजा चालू राहील. तेल मागच्या चाकाच्या साखळीला घालावे. तिला ते खरोखरच लागते, आणि पळीभर तिथे जास्त होत नाही.

११. आज दुपारी आत्याने माझ्यासमोर मोटार खोलली. मी खुर्चीत बसून सांगत होते, हात तिचे. कार्बन तिने पुसून नीट बसवले. स्प्रिंग एकदा उडून तुळशीत गेली, ती युवराजने शोधली. बबलू रस्त्यावरून जात होता, तो थांबून म्हणाला, “अम्मा, दुकान खोल रे क्या?” आत्या म्हणाली, “हौ. तेरे सामने.”

१२. मी बुधवारी नीट परत आले, तर हा कागद फाडून टाकायचा आणि गाडी माझीच राहायची, असे मी सुचवले. आत्याला ते मान्य नाही. तिचे म्हणणे, मग आलटून पालटून चालवू. हा वाद मिटलेला नाही. तो मिटवायला मी परत येण्याचा पुरेपूर प्रयत्न करीन.

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी एकनाथराव करतील. त्यांनी आठव्या कलमातली माहिती डॉक्टरांकडून स्वतः घ्यावी. युवराजला तेव्हा विचारवणार नाही.

हे लिहीत असताना खाली अंगणात मोटार फिरल्याचा आवाज आला, आणि गाडी सुरू झाली. युवराज ओरडतो आहे, “आत्या, सोड! सुरू झाली! बटण सोड!” ती सोडत नाही. इंजिन पेटल्यावर सेल्फ दाबून ठेवू नये, हे मी तिला सांगायचे राहिले. ते सांगायला मला हळूहळू जिना उतरायचा आहे, म्हणून येथेच थांबते.

ठिकाण: चिक्कडपल्ली, हैदराबाद
दिनांक: १६ नोव्हेंबर १९९७

लिहून ठेवणार
चारुलता हिम्मतराव बिराजदार

आमच्या दोघांच्या समक्ष चारुलता यांनी वर सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. मधली सर्व पाने मोजली, नंबर बरोबर आहेत. रद्द केलेल्या वाक्यांपाशी आमच्या सह्या आहेत. सह्या होईपर्यंत गाडी चालूच होती.

साक्षीदार १: एकनाथराव गणपतराव मुंढे, निवृत्त पेशकार, चिक्कडपल्ली

साक्षीदार २: भाग्यलक्ष्मी नरसिंगराव जाधव, शिक्षिका, विद्यानगर (सही तेलुगु लिपीत)